रायफल, स्कोप आणि मुळशीचे भातखाचर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या माणसाला आपण सुहास म्हणू. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पस्तिशीचे, चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात इंजिनिअर, राहायला कोथरूडला. मूळ गाव मुळशी तालुक्यात. तिथे त्याचे चुलते, म्हणजे घरातले आप्पा, इंद्रायणी भात करतात. भात लोंबीला आला की रात्री रानडुकरांचा कळप उतरतो. खातो थोडे आणि तुडवतो फार. सकाळी खाचरात गेले की लोळवण झालेली दिसते. आप्पांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची जुनी बाराबोअर आहे, पण आता त्यांची नजर साथ देत नाही आणि माळ्यावर बसून रात्रभर राखण करायचे वयही राहिले नाही.

सुहास माझ्याकडे आला तो थेट यादी घेऊनच. मी नवशिक्यांना नेमबाजीची तोंडओळख करून देतो, म्हणून कुणीतरी त्याला पाठवले होते. यादीत 6.5 क्रीडमूर बोअरची, म्हणजे त्या मापाच्या काडतुसाची, दर गोळीला हाताने दांडा ओढून भरायची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल होती, 6-24×50 चा, म्हणजे सहा ते चोवीस पट मोठे दाखवणारा आणि 50 मिलिमीटर भिंगाचा स्कोप (नेमाची दुर्बीण) होता, बायपॉड (रायफलीची दोन पायांची टेकण) होता. बजेट एक लाख. म्हणाला, "सर, बांधावरून समोरच्या टेकाडापर्यंत तीनशे मीटर भरतात. तेवढ्यावर डुक्कर पडलं पाहिजे. स्वस्तात बसेल असं सांगा."

त्याने अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे भरपूर व्हिडिओ पाहिले होते आणि अभ्यास कच्चा नव्हता. 6.5 क्रीडमूर हे काडतूस हॉर्नेडी कंपनीने 2007 मध्ये बाजारात आणले. लांबट, हवा कापणारी गोळी आणि खांद्याला सोसवेल असा धक्का, यामुळे ते लांब पल्ल्याच्या शिकारीत झपाट्याने रुजले. रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अ‍ॅक्सिस अशा साध्या, प्लास्टिकच्या दस्त्याच्या रायफली तिथे सामान्य नोकरदारालाही परवडतात, आणि रायफलीइतकेच पैसे स्कोपला ठेवा असा सल्ला तिथले जाणते लोक देतात. हे सगळे त्याला पाठ होते. पण ही माहिती ज्या देशातली आहे तिथे शिकारीचा हंगाम असतो, परवाना मिळतो आणि जनावरागणिक टॅग, म्हणजे ते एक जनावर मारायची परवानगी-चिठ्ठी, विकत घेता येतो. मुळशीत यातले काहीच नाही.

अडचण

अडचणी तीन होत्या आणि एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

पहिली कायद्याची. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 9 ने शिकारीवर बंदी आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, नव्या अनुसूची लागू झाल्या आणि रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये आहे. कायद्यातली शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. ठार मारणे तर आलेच, पण जखमी करणे, सापळा लावणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे हेही तिच्यात येते. म्हणजे गोळी चुकली तरी गुन्हा घडलेला असतो. एक वाट कलम 11 मध्ये आहे. जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, त्यात उभे पीकही आले, धोकादायक ठरले तर अधिकृत वनाधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो. तो आदेश हातात असल्याशिवाय बंदूक उचलायची नाही, आणि आदेशाने मारलेले जनावरही सरकारचेच.

दुसरी शस्त्राची. शस्त्र अधिनियम 1959 खाली परवाना लागतो. पुणे शहरात तो पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. लष्करी काडतुसांचे बोअर खासगी माणसाला मिळत नाहीत, .303 त्यामुळेच बंद आहे. परवानाधारकाला सरकारी कारखान्यातली .315 स्पोर्टिंग रायफल मिळू शकते. ती इशापूरला बनते. तिचे काडतूस जुन्या 8 मिलिमीटर मानलिखर घराण्यातले, गोळी जड आणि संथ, माशी-घोडी (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) उघडी. शंभर मीटरला झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल अशी जुळवली, तर तीनशे मीटरवर तिची गोळी मीटरभराहून जास्त खाली जाते. शिवाय वर्षाला किती काडतुसे घ्यायची ते परवान्यावर लिहिलेले असते. सुहासला ज्या सरावाची गरज होती तो एवढ्या काडतुसांत होण्यासारखा नव्हता.

तिसरी अडचण त्याच्या लक्षातच आली नव्हती, आणि माझ्या मते तीच मूळची होती. त्याने आयुष्यात रायफल चालवली नव्हती. तीनशे मीटर हा आकडा त्याने टेकाडापर्यंतच्या अंतरावरून घेतला होता. पल्ला असा ठरत नाही. आपण ज्या अंतरावर प्रत्येक गोळी, सवडीने मारलेली एखादी नव्हे, जनावराच्या छातीएवढ्या वर्तुळात ठेवू शकतो, तेवढाच आपला पल्ला. त्यापुढे मारणारा माणूस जनावर जखमी करून सोडतो. पोटात गोळी लागलेले डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरून दोन-दोन दिवस तडफडते, आणि सकाळी गवताला गेलेल्या बाईवर तेच उलटते. जिथे शिकार कायदेशीर आहे तिथलेही चांगले शिकारी याच एका गोष्टीवर कडक असतात.

पर्याय

आम्ही कागद घेऊन बसलो. मी त्याला दोन प्रश्न वेगळे करायला लावले: आप्पांचे भात कसे वाचवायचे, आणि सुहासला लांबवर अचूक नेम मारायला शिकायचे आहे ते कसे शिकायचे. या दोन गोष्टी एकाच बंदुकीने सुटतील हा समज मोडल्याशिवाय पुढचा एक रुपयाही नीट खर्च झाला नसता.

भाताच्या बाजूला फार चर्चा लागली नाही. कलम 11 खाली अर्ज, नुकसानीचा पंचनामा आणि भरपाई, सौर कुंपण. आप्पांचा कल बाराबोअर घेऊन एखाद्या तरुण पोराला माळ्यावर बसवण्याकडे होता. दुसऱ्याच्या परवान्यावरचे हत्यार तिसऱ्याच्या हाती देणे हा स्वतंत्र गुन्हा, हे त्यांना शांतपणे सांगावे लागले. शेजारच्या एकाने कुंपणात थेट घरचा करंट सोडायची कल्पना काढली. अशा तारांनी दरवर्षी माणसे मरतात. ती तिथल्या तिथे बाद केली.

नेमबाजीच्या बाजूला तीन रस्ते होते.

एक, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात 10 मीटर एअर रायफल शिकणे. पॅरिस 2024 मध्ये 50 मीटर थ्री पोझिशनला कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे यानेही याच रेंजवर सराव केला आहे. शिस्त शिकायला याहून चांगली जागा पुण्यात नाही. तिथल्या 10 मीटर निशाण्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पण या प्रकारात स्कोप चालत नाही, डायॉप्टर साइट, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायचे साधन, लागते, आणि अंतर ठरलेले. वारा, गोळीची घसरण, अंतराचा अंदाज हे सुहासला हवे असलेले विषय तिथे येतच नाहीत.

दोन, परवाना काढून .22 रायफल. चांगला रस्ता, पण लांबचा. परवान्याला किती काळ लागेल हे कुणी छातीठोक सांगत नाही.

तीन, परवाना न लागणारी एअर रायफल आणि तिच्यावर योग्य स्कोप. शस्त्र नियम 2016 प्रमाणे बोअर .177, म्हणजे 4.5 मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा 20 जूलपर्यंत असलेल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. सुहास नाराज झाला. "म्हणजे जत्रेतली फुग्यांची बंदूक?" मी त्याला आकडे दाखवले, कारण आकड्यांवर त्याचा विश्वास होता. साधारण 8.4 ग्रेनचा, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून थोडा जड छर्रा सेकंदाला 240 मीटर वेगाने निघतो. 30 मीटरला झिरो केला तर 50 मीटरवर तो जवळजवळ 8 सेंटिमीटर खाली लागतो. बाजूने सेकंदाला 3 मीटरचा वारा असेल, ज्यात भाताची पाती नुसती सळसळतात, तर त्याच 50 मीटरवर छर्रा 8 ते 10 सेंटिमीटर सरकतो. कोनाच्या हिशेबात पाहिले तर चारशे मीटरवरच्या शिकारी रायफलीच्या गोळीलाही वारा एवढा ढकलत नाही. लांब पल्ल्याचे सगळे शिक्षण 50 मीटरच्या पट्टीत आणि एका छर्‍याला दीड-दोन रुपये खर्चून मिळत असेल तर त्याला कमी लेखू नये. तो बराच वेळ कागदाकडे पाहत बसला आणि मग "पट्टी कुठे आखायची?" असे त्याने विचारले.

निर्णय आणि कृती

रायफल आधी. स्प्रिंगची ब्रेक बॅरल, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग ताणायची, घ्यायची की पीसीपी, म्हणजे टाकीत आधीच दाबाने हवा भरून ठेवणारी? पीसीपीला धक्का जवळपास नसतो, त्यामुळे ती नवशिक्याच्या हातूनही अचूक चालते. पण तिच्याबरोबर 200 बारपर्यंत हवा भरणारा पंप किंवा सिलिंडर घ्यावा लागतो, सील बदलावे लागतात आणि खर्च दुप्पट-तिप्पट होतो. ऊर्जेची कायदेशीर मर्यादा दोन्हींना 20 जूलच असल्याने जादा पैसे देऊन जादा पल्ला मिळत नाही. स्प्रिंगची रायफल स्वयंपूर्ण असते, मात्र मारणाऱ्याची परीक्षा घेते. सुहासने स्प्रिंगची निवडली. भारतीय बनावटीची, 20 हजारांच्या आतली, .177. मला हा निर्णय पटला, कारण स्प्रिंगवर शिकलेला हात पुढे कोणत्याही रायफलीवर चालतो.

दुकानात त्याला जास्तीत जास्त वेगाचे आमिष दाखवले गेले. सेकंदाला हजार फुटांहून जास्त, असे खोक्यांवर मोठ्या अक्षरांत असते. तो वेग हलक्यात हलका छर्रा घालून काढलेला असतो. छर्‍याचा आकार कमरेत आवळलेला. ध्वनीच्या वेगाजवळ गेला की तो डगमगतो आणि ग्रुप, म्हणजे निशाण्यावर पडलेल्या भोकांचा झुपका, फाटतो. सेकंदाला 230 ते 270 मीटर हा त्याला मानवणारा वेग. सुहासने खोक्यावरचा आकडा सोडून ट्रिगर, बॅरलचे कुलूप आणि दस्त्याची लांबी तपासली. बिलावर बोअर आणि जूलचा आकडा लिहून घेतला, ओळखपत्राची प्रत दिली. हे बिल रायफलीच्या बॅगेतच ठेवावे. नाक्यावर पोलिसांनी विचारले तर तेच कामी येते.

स्कोपपाशी प्रकरण अडले. यादीतला 6-24×50 त्याला सोडवत नव्हता. एका विक्रेत्याने तसाच दिसणारा, उजेडी जाळीचा (आतली नेमाची फुली उजळणारा) स्कोप रायफलीबरोबर जवळपास फुकटात देऊ केला आणि सुहासने तो घेतला. पहिले काही आठवडे ठीक गेले. मग ग्रुप सरकू लागला; आज उजवीकडे, उद्या खाली. तो छर्‍यांना दोष देऊ लागला, नंतर स्वतःच्या हाताला. रायफल बघायला मागवली तेव्हा कारण दिसले. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे झेपावताना रायफल मागे येते आणि पिस्टन हवेच्या उशीवर आदळला की ती उलट पुढे झटकते. सर्वसाधारण स्कोप फक्त मागचा धक्का सोसायला बांधलेला असतो. या पुढच्या झटक्याने आतली जाळी आणि भिंगे ढिली होतात. मोठ्या बोअरवर वर्षानुवर्षे टिकलेला स्कोपही एअरगनवर मान टाकतो, तो यामुळेच. शिवाय स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या माउंटला घसरण रोखणारी अडसर खिळी नव्हती, त्यामुळे अख्खा स्कोपच खोबणीत मागे घसरला होता. चुरशीच्या सरावात हाच दोष सर्वांत जास्त वेळ खातो, आणि माणूस उगाच स्वतःवरचा विश्वास गमावतो.

दुसऱ्या वेळी त्याने निकष लिहून काढले आणि मगच दुकानात गेला. स्प्रिंग एअर रायफलसाठी बनवलेला स्कोप. पॅरॅलॅक्स 10 मीटरपासून जुळवता येणारा, कारण शिकारी स्कोपचा पॅरॅलॅक्स बहुधा शंभर यार्डांना पक्का केलेला असतो आणि 20 मीटरवर डोळा थोडा हलला की फुलीही निशाण्यावरून हलते. मोठेपणा 4-12, पुढचे भिंग 40. जाळीवर मिलडॉट, म्हणजे ठरावीक कोनाच्या अंतरावरचे ठिपके. एकसंध माउंट, अडसर खिळीसह, रायफलीच्या 11 मिलिमीटर खोबणीला बसणारे. चोवीस पट मोठेपणा हवाच कशाला? खाचरावरून उठणारी वाफ त्यात उकळल्यासारखी दिसते, स्वतःच्या नाडीचा ठोका फुली नाचवतो, आणि निशाणा शोधण्यातच वेळ जातो. तो बहुतेक वेळ आठ पटीवर मारतो.

स्कोपची चकती फिरवताना पडणाऱ्या क्लिकचा हिशेब त्याला आवडला. एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे शंभर मीटरवर 2.9 सेंटिमीटर, 50 मीटरवर त्याचे निम्मे. पाव मिनिटाचा एक क्लिक म्हणजे 50 मीटरवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. त्याने क्लिक फिरवून निशाण्यावर चौकोन काढला: वर वीस, उजवीकडे वीस, खाली वीस, डावीकडे वीस. शेवटचे छर्रे पहिल्यांच्या जागी लागले तरच स्कोप विश्वासाचा. क्वालिटीतल्या माणसाला ही चाचणी आधी सुचायला हवी होती, असे तोच म्हणाला.

जागेची निवड सोपी नव्हती. आप्पांच्या वरच्या पडीक तुकड्यात एका बाजूला पुरुषभर उंचीची मातीची ताल (बांध) होती. तिच्यात दगड नाहीत हे आधी खणून पाहिले, कारण आपला काळा पाषाण छर्रा उलटा फेकतो. वरच्या कोनात सुटलेला छर्रा शेकडो मीटर जाऊ शकतो, म्हणून तालीच्या वर मोकळे आभाळ दिसते तिथे निशाणा लावायचा नाही असा नियम केला. पायवाट बाजूला होती. तिच्या दोन्ही तोंडांशी लाल फडके लावायचे आणि एक माणूस बसवायचा. शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात धुवायचे, मुलांना डबी द्यायची नाही.

मारायची पद्धत बदलायला सर्वांत जास्त वेळ लागला. स्प्रिंगची रायफल आवळून धरली की बिघडते. पुढचा भाग उघड्या तळव्यावर नुसता टेकवायचा, खांद्याला हलका स्पर्श, आणि दर वेळी अगदी तोच. तळहात दोन बोटे पुढेमागे झाला तरी छर्‍याची जागा बदलते. तीन कंपन्यांचे छर्रे आणून तिन्हींचे ग्रुप त्याने वहीत चिकटवले. बॅरलला मानवला तो सर्वांत महाग छर्रा नव्हता.

दरम्यान भाताकडचे काम आप्पांच्या मुलाने हाती घेतले. वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दिला, वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांच्यासमोर पंचनामा झाला. चार शेतकऱ्यांनी मिळून सौर कुंपण घातले. या कुंपणाचा झटका क्षणभराचा आणि ठोक्याठोक्याने येतो, जनावर बिचकते पण मरत नाही. तारेखालचे गवत दर आठवड्याला कापावे लागते, नाहीतर झटका जमिनीत उतरतो.

परिणाम

पुढच्या सुगीला कळप एका बाजूने, ओढ्याकडून शिरला, कारण तिथे तार सुटली होती. बाकी खाचर वाचले. भरपाईची रक्कम आली. आप्पांच्या मते ती कमी होती आणि मलाही तसेच वाटते. कलम 11 चा आदेश मिळाला नाही, आणि कुंपण चालू लागल्यावर कुणी त्याचा पाठपुरावाही केला नाही.

सुहासचा 50 मीटरवरचा ग्रुप सुरुवातीला तळहातापेक्षा मोठा होता. वर्षभराने, वारा पडलेल्या सकाळी, तो पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा येतो. वाऱ्यात तो आता थांबतो, पाती बघतो, कधी मारतच नाही. एक लाखातले निम्म्याहून जास्त पैसे शिल्लक राहिले.

एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. गावातल्या पोरांनी त्याला होले आणि पारवे मारून दाखवायचा आग्रह केला. परवाना न लागणारी बंदूक म्हणजे पाखरांना मोकळीक, असा समज सगळीकडे आहे. तीच शिकार, तोच कायदा. अरुणाचल प्रदेशात 2021 मध्ये लोकांनी आपणहून एअरगन सरकारजमा कराव्यात अशी मोहीम सुरू करावी लागली, कारण जंगले मुकी होत चालली होती. सुहासने पोरांना तालीसमोर बसवले आणि डब्याच्या झाकणांवर मारायला दिले, एका वेळी एकच जण.

काय वेगळे करता आले असते

पहिला टप्पा म्हणजे यादी. रायफल कोणती, याआधी कुठे, कशावर आणि किती अंतरावर मारणार हे तीन प्रश्न कागदावर यायला हवे होते. ते आले असते तर क्रीडमूरच्या अभ्यासात गेलेले महिने कुंपणाच्या कामी आले असते आणि एक हंगाम आधी भात वाचले असते.

दुसरा टप्पा स्कोप. फुकट मिळालेल्या स्कोपने सुहासचे पैसे फारसे गेले नाहीत, पण सरावातला सर्वांत उत्साहाचा काळ गेला. सुरुवातीचे दोन महिने उघड्या माशीवरच मारून, तेवढ्यात चांगल्या स्कोपसाठी पैसे बाजूला ठेवले असते तर ते अधिक बरे ठरले असते. उघड्या माशीवर हाताचा दोष आणि यंत्राचा दोष वेगळे ओळखता येतात.

तिसऱ्या टप्प्याबद्दल माझे मत अजून पक्के नाही. बालेवाडीच्या रेंजवर आधी तीन महिने घालवले असते तर धरण्याची पद्धत निम्म्या वेळात बसली असती. पण चाकणची पाळी सांभाळून आठवड्यातून तीनदा बालेवाडी गाठणे त्याला जमले असते का? तो नाही म्हणतो. त्याच्या सहकाऱ्याची मुलगी आता तिथे जाते, आणि तिला सोडायला जाताना तो काचेपलीकडून बघत उभा राहतो.

.22 चा अर्ज भरायचा की पीसीपी घ्यायची, यावर सध्या त्याचा विचार चालू आहे. मी त्याला आधी वारा असलेल्या दुपारी 50 मीटरवर वहीची चार पाने भरायला सांगितली आहेत.